मामांचा होकार

फालेसी नकोमा निवृत्त झाली तेव्हा चिकोवाच्या दवाखान्याने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं, एक शेळी दिली आणि तीन लांबलचक भाषणं दिली. नवव्या दिवशी तिने शेळी भावजयीच्या दारात बांधली, पांढरा गणवेश पुन्हा अंगात चढवला आणि बाळंतिणींच्या खोलीत जाऊन उभी राहिली. पगार नाही, जेवण नाही, काही नाही. कचेरीतल्या कारकुनाने तिच्या छातीवर ‘स्वयंसेवक’ असा बिल्ला लावला, परदेशातून येणाऱ्या डॉक्टरांना लावतात तसलाच. तिने तो दुसऱ्याच दिवशी काढून पिशवीत टाकला. आमच्या किनाऱ्यावर स्वयंसेवक म्हटलं की लोक पहिलं विचारतात, भत्ता किती? आणि भत्ता नाही म्हटलं की दुसरं विचारतात, मग खरा किती?

“फुकट राबतेस?” भावजय म्हणाली. “चाळीस वर्षं दुसऱ्यांची पोरं काढलीस, अजून हौस फिटली नाही?”

“घरी बसून तुझी टकळी ऐकण्यापेक्षा बायकांच्या कळा ऐकलेल्या बऱ्या,” फालेसी म्हणाली. “त्या निदान थांबतात तरी.”

खरं कारण साधं होतं. खोलीत आठ खाटा होत्या आणि नर्सेस दोन. त्यातली एक कायम कुठल्या तरी प्रशिक्षणाला गेलेली. फालेसी घरी बसून मक्याचे दाणे सोलू लागली की तिला आठही खाटा दिसायच्या आणि दाणे जमिनीवर सांडायचे. शिवाय तिच्याकडे एक गोष्ट होती, जी दवाखान्याच्या कपाटात नव्हती. तिचा शब्द. बारा गावांत कुठेही भांडण पेटलं आणि कुणी म्हणालं, “फालेसी सिस्टर असं म्हणाली,” की भांडण तिथे मिटे. तिने कधी कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. मेलेल्या बाळाला तिने झोपलंय म्हटलं नव्हतं. त्यासाठी तिला शिव्या पडल्या होत्या, पण शिव्या देणाऱ्याच पुढच्या खेपेला तिच्याकडेच आल्या होत्या.

परदेशी डॉक्टर येत आणि जात. कुणी तीन महिने, कुणी सहा. फालेसी त्यांना कामाला लावी, म्हणजे आधी बोलायला शिकवी. कुणाला आधी नमस्कार करायचा, कुणाच्या डोळ्यांत बघायचं नाही, कुठल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणाले तरी ते ‘नाही’ असतं. एक जण आला तो रोज संध्याकाळी रडायचा. त्याला तिने सुक्या उसिपा मासळीचं कालवण करून घातलं आणि म्हणाली, रड, पण भरल्या पोटी रड. आत्ताची होती ती फिलिपिन्सची, लिगाया नावाची, चौतीस वर्षांची, चणीने बारकी. हात असा की फालेसी बघत राही. “हात चांगला आहे,” एवढंच ती म्हणे, आणि एवढं तिने चाळीस वर्षांत चार जणांबद्दल म्हटलं होतं. एकच खोड होती. नमस्कार लांबले की डॉक्टरचा पाय हलायला लागे.

“माणसाची विचारपूस करायला हिला वेळ नाही,” फालेसी म्हणे, “आणि म्हणे त्याला बरा करणार.”

जुलैतला तो गुरुवार होता. म्वेरा वारा तीन दिवस थांबला नव्हता. दक्षिणेकडून हा वारा सुटला की सरोवर खवळतं आणि मासेमारीला गेलेल्या होड्या जिथे असतील तिथल्या वाळूवर अडकून पडतात. सकाळी नऊच्या सुमाराला सायकलच्या मागे जोडलेल्या गाडीतून तियामिकेला आणलं. वय चोवीस. सायकल मारणारा तिचा नवरा डायसन घामाने निथळत होता. मागून तिची आई एनिफा डोक्यावर भांडी, पीठ आणि सरपण असं सगळं बिऱ्हाड घेऊन चालत आली होती.

कळा आदल्या दुपारपासून चालू होत्या. फालेसीने तियामिकेच्या पोटावर हात ठेवला आणि तिथेच ठेवून दिला. बेंबीखाली एक आडवी वळी उठली होती. तशी वळी तिने आजवर सतरा वेळा पाहिली होती. त्या सतरांतल्या नऊ जणी तिला नावानिशी आठवत होत्या, कारण त्या घरी परतल्या नव्हत्या. वळीच्या खाली मागच्या सिझरची जुनी शिवण होती. फालेसीने लाकडी नळी लावून बाळाचे ठोके ऐकले, पुन्हा ऐकले, आणि डॉक्टरला हाक मारली.

लिगायाला पाच मिनिटंही लागली नाहीत. “जुनी शिवण उसवायला आली आहे, सिस्टर. अर्ध्या तासात आत घ्यायचं. आणि त्यांना हे पण सांगा, गर्भाची पिशवी वाचेलच असं मी म्हणू शकत नाही. कदाचित काढावी लागेल.”

फालेसी हे सांगायला वळते तोवर डॉक्टर कागद घेऊन व्हरांड्यात गेली होती. तिने डायसनसमोर कागद धरला, बोटाने जागा दाखवली, पेन दिलं. पाहुण्याने काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही, हे आमच्याकडे पोराला दुधाबरोबर पाजतात. डायसनने सही केली. डॉक्टरने मान हलवून आभार मानले आणि दोघा मदतनिसांना खाट ढकलायला सांगितलं. खाट चार पावलं गेली आणि थांबली. एनिफाने चाक धरलं होतं.

“सही कुणी केली?” तिने विचारलं.

डायसनने सासूकडे न बघता, जमिनीकडे बघत उत्तर दिलं. “मी. डॉक्टरांनी मागितली.”

“तू कोण?”

“कुणी नाही.”

“उसना कोंबडा! आमच्या अंगणात आरवायला कधीपासून लागलास?” एनिफाचा आवाज चढला. “सिस्टर, हे काय चाललंय? माझ्या पोरीला कापायला जावयाला विचारतात?”

“काय झालं?” लिगाया म्हणाली. “सही झाली ना?”

“सही झाली,” फालेसी म्हणाली. “होकार झाला नाही.”

“तो नवरा आहे तिचा!”

“नवरा आहे, म्हणूनच. सासुरवाडीला राहायला आलेला माणूस आहे तो, डॉक्टर. घर एनिफाचं, शेत एनिफाचं, होईल ते मूल एनिफाच्या कुळाचं. आमच्यात कुळ चालतं ते मुलींकडून. त्या कुळाच्या वतीने बोलणारा माणूस एकच. एनिफाचा थोरला भाऊ, सिमियोनी.”

“मग बोलवा त्याला.”

“तो होडीवर आहे.”

लिगायाने वाऱ्याकडे पाहिलं. खिडकीच्या काचा थडथडत होत्या. “मग तिची स्वतःची सही घ्या. ती चोवीस वर्षांची आहे. शुद्धीवर आहे. तिचं शरीर आहे.”

फालेसीने खाटेवर वाकून तियामिकेला सगळं सांगितलं, काहीही न लपवता. तियामिकेने एक कळ जाऊ दिली. मग ती म्हणाली, “सिस्टर, पोट माझं आहे. पिशवी कुळाची आहे. बहीण गेली. माझी मुलगी तापाने गेली. माझ्यामागे कुणी नाही. मी एकटीने कशी देऊ? मामांना विचारा.”

“मामांचा फोन लागला नाही तर?”

“मग मामांना विचारा,” तियामिके म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

आता कुणी म्हणेल, काय हा अडाणीपणा. म्हणणाऱ्याने आमच्यात एक मयत पाहावं. मामाच्या शब्दाने बाई आत गेली आणि वाचली नाही, तर मामा उठून सगळ्यांसमोर सांगतो, हे माझ्या डोक्यावर. मग बाकीच्यांना रडायला मोकळीक मिळते. शब्द न घेता गेली तर त्या आईकडे जन्मभर बोटं दाखवली जातात, हिने पोर कापायला दिली म्हणून. एनिफा चाक धरून उभी होती ती हट्टाने नव्हे, भीतीने. फालेसीला ते कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच तिला एनिफाला खसकन बाजूला ओढता येत नव्हतं.

सव्वीस वर्षांची असताना फालेसीने एकदा अशीच वाट पाहिली होती. उत्तरेकडच्या एका दवाखान्यात. बाईचा मामा दोन दिवसांच्या वाटेवर होता. निरोप गेला, मामा निघाला, आणि तो पोचला तेव्हा बाईला चटईत गुंडाळलं होतं. मामाने फालेसीचे दोन्ही हात हातात घेतले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “पोरी, तू रीत सांभाळलीस. तुझ्यासारखी नर्स पाहिली नाही.” त्या कौतुकाने फालेसीचं जे झालं ते कुठल्या शिवीने झालं नव्हतं. तिने ते कधी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

“वीस मिनिटं,” लिगाया म्हणाली. “सिस्टर, काहीतरी करा.”

“फोन लावते,” फालेसी म्हणाली.

चिकोवात फोनला रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीपाशी, तीही तिची मर्जी असेल तेव्हा. फालेसी तिकडे निघाली. एनिफाने चाक सोडलं नाही, पण मान वळवून ती बघत राहिली. वीस पावलांवरून ओठ दिसतात. डायसनने सिमियोनीचा नंबर सांगितला. त्याने तो वाटेत तीनदा लावून बघितला होता, बंद होता. फालेसीने नंबर दाबला. फोनमध्ये काहीच झालं नाही. मग एक बाईचा आवाज आला आणि तिने अगदी गोड आवाजात सांगितलं की संपर्क होऊ शकत नाही.

फालेसीने पुन्हा लावला. पुन्हा ती गोड बाई.

तिसऱ्यांदा तिने फोन कानाला लावला, आणि ती गुडघ्यांवर बसली. आमच्याकडे मोठ्या माणसाशी बाई उभ्याने बोलत नाही, मग तो फोनमध्ये का असेना.

“मामा? मी फालेसी. चिकोवाची.” ती थांबली. माणूस उत्तर द्यायला जितका वेळ घेतो तितका वेळ थांबली. “बरी आहे, मामा. तुम्ही बरे?”

कानात ती बाई बोलत होती. फालेसी तिच्यावरून बोलत गेली. वारा कसा आहे विचारलं. होड्या सुखरूप आहेत का विचारलं. सोबतचे कसे आहेत विचारलं. एकेक मिनिट रक्ताचं होतं, आणि तरी तिला घाई करता येत नव्हती. घाई केली असती तर एनिफाला तिथल्या तिथे कळलं असतं की पलीकडे कुणी नाही. कुळाच्या मोठ्या माणसाला विचारपूस न करता कामाचं बोललेलं एनिफाने जन्मात पाहिलं नव्हतं. फालेसीच्या गुडघ्यांना खडी टोचत होती. तिने मक्याचं विचारलं. तिने पावसाळ्यात पडलेल्या भिंतीचंही विचारलं.

मग तियामिकेचं सांगितलं. मग ती गप्प राहिली. एकदा “हो, मामा” म्हणाली. पुन्हा गप्प राहिली. “तसंच सांगते,” असं म्हणून तिने फोन खाली घेतला. गोड बाई केव्हाच थांबली होती.

उठताना तिला टाकीचा आधार घ्यावा लागला. परत जाईतो वीस पावलांत तिने स्वतःला एकदाच विचारलं, बाई, हे काय करतेस?

“लागला?” एनिफाने विचारलं.

“लागला. म्हणाले, करा.”

एनिफाची बोटं चाकावर सैल झाली, आणि पुन्हा आवळली. “आणि पिशवीचं? पिशवीचं विचारलंस?”

“विचारलं.”

“काय म्हणाला? त्याच्या शब्दांत सांग.”

इथवर फालेसीने फक्त होकार चोरला होता. आता तिला माणसाचं तोंडच उसनं घ्यायचं होतं. सिमियोनीला तिने आयुष्यात सहा-सात वेळा पाहिलं होतं, बहुतेक मयतांत. ती म्हणाली, “म्हणाले, पिशवी गेली तर कुळ माझ्यापाशी संपेल. संपू दे. पण भाची माझ्याआधी जायची नाही.”

एनिफाने चाक सोडलं. तियामिकेने खाटेवरून हात पुढे केला, आणि फालेसीने तिच्या बोटांत पेन दिलं.

पोट उघडलं तेव्हा शिवण उसवलेलीच होती. लिगायाचे हात एका क्षणासाठीही थांबले नाहीत, पण तिचं बोलणं थांबलं, आणि त्यावरून फालेसीला सगळं कळलं. बाळ निघालं ते निळं. फालेसीने ते उलथंसुलथं केलं, पाठ चोळली, फुग्याने श्वास दिला. आपण खोटं बोललो ते या श्वासासाठी, आणि हाच आला नाही तर? असं तिच्या मनात येऊन गेलं. मग बाळाने एक बारीकसा आवाज काढला, रागावलेला. मुलगा होता.

मागे लिगाया म्हणाली, “शिवता येत नाही. सगळं फाटलंय. सिस्टर, मी काढते आहे.”

“काढ,” फालेसी म्हणाली. तो शब्द तिचा नव्हता, कुणाचाच नव्हता, पण म्हणायला तिथे दुसरं कुणी नव्हतं. रक्ताची एक पिशवी फ्रिजमध्ये होती. दुसरी डायसनने दिली, आणि रक्त देताना त्याने एकदाही विचारलं नाही की हे कुणाच्या परवानगीने घेताय.

दुपारी एकला लिगाया बाहेर आली. थकलेली, पण चेहरा फुललेला. आमच्या भाषेतले तिचे पन्नास शब्द होते, त्यातले दोन तिने निवडून काढले. “मुलगा! अभिनंदन!”

एनिफाने रीतीप्रमाणे गुडघे टेकले आणि हलक्या हाताने टाळ्या वाजवून आभार मानले. डॉक्टर आत गेल्यावर ती फालेसीकडे वळली. “पिशवी?”

“गेली, एनिफा. तुझी पोरगी वाचली. शुद्धीवर येतेय.”

एनिफाने बाळ बघितलं, कान बघितले, पायाची बोटं मोजली. “मामा होणार हा,” ती म्हणाली. “देवाने मामा दिला. पण बहीण नसताना कुणाचा मामा?” मग तिने डोक्यावरचं फडकं तोंडावर ओढून घेतलं आणि ती ओरडून रडली. बाजूच्या छपराखाली आपापल्या रुग्णांसाठी स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी चुलीवरची भांडी उतरवून ठेवली आणि त्याही तिच्याभोवती येऊन बसल्या.

संध्याकाळी हात धुताना लिगाया फालेसीशेजारी उभी राहिली.

“सिस्टर, आज सकाळी आठ वाजता मी आईला फोन लावायला टाकीपाशी गेले होते. कुठलाही फोन लागत नव्हता, नुसती ती गोड आवाजाची बाई. दुपारी गेले, पुन्हा तीच. आत्ता जाऊन आले, तीच.”

फालेसीने साबण खाली ठेवला.

“मी कुणाला सांगणार नाही,” लिगाया म्हणाली. “तुम्ही बरोबर केलंत. माझ्या देशात कुणीही म्हणेल, बरोबर केलंत.”

“तुझ्या देशात मला राहायचं नाही, डॉक्टर.” फालेसीला एकदम राग आला, आणि तो लिगायावर नव्हता. “तीन आठवड्यांनी तू विमानात बसशील. लोक तुझं नाव विसरतील, तू आमची विसरशील. तुझा काही दोष नाही, तुझा हात चांगला आहे. पण मला इथेच मरायचंय. उद्या या बायका म्हणाल्या की फालेसी मेलेल्या फोनमध्ये बोलते, तर पुढची तियामिके इथे येणारच नाही. ती घरी थांबेल. घरी काय होतं ते तुला माहीत आहे?”

लिगायाने टॉवेल घेतला, आधी फालेसीला दिला, मग स्वतः घेतला. आपल्याआधी मोठ्यांना द्यायचं, हे तिला या तीन महिन्यांत फालेसीनेच शिकवलं होतं.

शुक्रवारी वारा होताच. शनिवारी पहाटे झाडांची पानं थांबली. उजाडताच फालेसी किनाऱ्यावर जाऊन बसली. सिमियोनी होडीतून उतरेल, त्याला बाजूला घ्यायचं, पायांवर डोकं ठेवायचं आणि खरं सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. पुढचं त्याच्या हातात. त्याने सगळ्यांसमोर तिला खोटं पाडलं तरी चालेल, पण त्याला ते दुसऱ्या कुणाकडून कळू नये. एकेक होडी येत गेली. लोक जाळी उतरवत होते, मासे मोजत होते. नऊ वाजले. शेवटच्या होडीतल्या माणसाने सांगितलं, “सिमियोनी? त्याला काल संध्याकाळीच कळलं भाची दवाखान्यात आहे. तो दोघा चुलतभावांना घेऊन तिकडे दक्षिणेलाच सायकलवाले गाठून थेट चिकोवाला गेला.”

दवाखाना किनाऱ्यापासून दोन मैल. सदुसष्ट वर्षांची बाई पळत नाही, पण त्या दिवशी फालेसी जे करत होती त्याला चालणंही म्हणता येत नव्हतं.

ती फाटकातून आत आली तेव्हा स्वयंपाकाच्या छपरापुढे आंब्याखाली चटई टाकलेली होती. चटईवर सिमियोनी बसले होते, सत्तरीचे, टोपी गुडघ्यावर, बोचऱ्या वाऱ्याने डोळे लाल झालेले. त्यांच्या दोन बाजूंना होडीवरचे त्यांचेच दोन चुलतभाऊ. समोर एनिफा पाण्याचा पेला धरून गुडघ्यांवर होती आणि बोलत होती. छपराखालच्या बायका हातातली कामं धरून ऐकत होत्या. व्हरांड्यात लिगाया उभी होती.

“दादा, तू फोनवर शब्द दिलास म्हणून माझी पोर राहिली,” एनिफा म्हणत होती.

सिमियोनींनी मान वर केली आणि त्यांना फालेसी दिसली.

“ये, सिस्टर,” ते म्हणाले. “बस. घरी सगळे बरे?”

फालेसी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. सगळे बरे, ती म्हणाली. मग तिने त्यांची विचारपूस केली, त्यांनी तिची केली. वाऱ्याचं झालं, मक्याचं झालं. एवढा वेळ तिला कधी लागला नव्हता आणि इतक्या लवकर कधी संपलाही नव्हता.

“एनिफा म्हणते, मी फोनवर बोललो,” सिमियोनी म्हणाले.

त्यांचे दोन्ही चुलतभाऊ आपापल्या हातांकडे बघायला लागले. फोन भिजून होडीच्या तळाशी पडला होता, हे त्या दोघांनाही माहीत होतं. ते आता छपराखालच्या निम्म्या बायकांनाही कळलं असावं, कारण तिथे कुणी हूं की चूं करत नव्हतं.

“चार दिवस वाळूवर होड्या ओढून बसलो होतो,” सिमियोनी सावकाश म्हणाले. “शेजारच्याचं ऐकू येत नव्हतं, असला वारा. माणसाचं वय होतं, सिस्टर. काय बोललो ते राहत नाही ध्यानात. तू सांग. शब्द न् शब्द सांग.”

खरं सांगायचं, असं ती किनाऱ्यावर ठरवून आली होती. पण किनाऱ्यावर ते दोघंच असणार होते. इथे एनिफा होती. खरं सांगितलं की आत्ताच्या आत्ता एनिफा ही शब्दाशिवाय पोरीचं पोट उघडू देणारी आई होणार होती, आणि आत खाटेवर पडलेली तियामिके ही कुळाला न विचारता कुळ संपवणारी मुलगी. खोटं सांगायचं तर ज्या माणसाचं तोंड चोरलं त्याच्याच तोंडावर, पंचवीस माणसांत सांगायचं होतं. त्याने एक ‘नाही’ म्हटलं की फालेसी नकोमा संपली. तिने दोन्ही हात मांडीवर दाबून धरले.

“मी तियामिकेचं सांगितलं,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणालात, करा.”

“आणि पिशवीचं?”

“तेही विचारलं. तुम्ही म्हणालात, पिशवी गेली तर कुळ माझ्यापाशी संपेल. संपू दे. पण भाची माझ्याआधी जायची नाही.”

एनिफाचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. दोन दिवसांत तिने ते पाठ केलं होतं.

सिमियोनी बराच वेळ टोपीची कड बोटांत फिरवत राहिले. झाडावरून एक वाळकी काटकी पडली, तिच्याकडेही कुणी बघितलं नाही.

“असं म्हणालो मी,” ते म्हणाले. त्यात प्रश्न होता की नाही, कुणाला कळलं नाही. मग त्यांनी सरळ फालेसीच्या डोळ्यांत बघितलं. “आणि सिस्टर, हे बोलताना मी रडलो का?”

हे तिच्या खोट्यात नव्हतं. एनिफाला तिने हे सांगितलं नव्हतं, तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. टाकीपाशी गुडघे टेकून तिने त्या माणसाला मक्याचं विचारलं, भिंतीचं विचारलं, त्याच्याकडून त्याचं अख्खं कुळ मागून घेतलं, आणि त्याला रडायला एक क्षण दिला नव्हता. तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“रडलात, मामा,” फालेसी म्हणाली. “खूप वेळ. मी फोन कानाला धरून थांबले होते.”

सिमियोनींनी मान हलवली. “मग तो मीच होतो,” ते म्हणाले.

त्यांनी टोपी चटईवर ठेवली आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. आमच्याकडे कुळाचा मोठा माणूस चार लोकांत रडत नाही. सिमियोनी रडले, खांदे हलवून, आवाज काढून, सगळ्या बायकांदेखत. चुलतभाऊ सरोवराकडे तोंड करून बसले. एनिफाने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि भावाच्या पायांना हात लावून बसली. फालेसी गुडघ्यांवरच राहिली. त्यांचं रडून होईपर्यंत उठायचं नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.